छाटणीची कात्री लागली तर

नमस्कार श्रोतेहो. ऑक्टोबर छाटणी लागली, की आमच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत सकाळपासून कात्र्या चालू. उजव्या हातात कात्री, डाव्यात काडी, म्हणून कापतं ते बहुतेक डाव्या हाताचं बोट.

मागच्या छाटणीत एक ताई आल्या. तर्जनीला साडीची चिंधी, वर रबरबँडचे तीन वेढे. सोडून पाहिलं तर आत हळदीचा लगदा आणि बोट निळसर. जखम जेमतेम अर्ध्या इंचाची. बोटाला घोर होता तो रबरबँडचा!

रक्त थांबवायचं ते हाताने दाबून. स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड जखमेवर ठेवा, हात छातीच्या वर धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मध्येच उघडून बघायचं नाही, नाहीतर धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. थांबल्यावर वाहत्या पाण्याखाली माती धुऊन काढा. हळद, चहा पावडर काही भरू नका. टाके घालायच्या आधी ती डॉक्टरांनाच खरवडावी लागते. कापूसही थेट जखमेवर नको, त्याचे तंतू चिकटतात.

मग पट्टी. बोटाला एक इंची, तळहाताला दोन इंची. शेंड्याकडून मनगटाकडे गुंडाळत यायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा. बोटाचा शेंडा उघडा ठेवा, कारण आपली परीक्षा तिथेच आहे. नख दाबून सोडा. ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत गुलाबी झालं तर ठीक. पांढरंच राहिलं किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करा.

क्रेप बँडेज, ते ताणणारं, ते मुरगळलेल्या पायासाठी. बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा, पूर्ण ताणू नका आणि रात्री काढून ठेवा.

बागेतली आणखी एक गोष्ट. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून वेलीच्या काड्यांना पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड नावाचं रसायन असतं. ते कातडी जाळतं. बोट कापलेल्या माणसाला त्या दिवशी पेस्टचं काम देऊच नका. हातमोज्याच्या भरवशावरही नको.

दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहतंय, बोट वाकत नाही किंवा शेंडा बधिर आहे? दाबून धरूनच दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८. मातीची जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर तेही घ्या.

उद्या बागेत जाताना पाण्याच्या जारशेजारी एक डबा ठेवा: गॉज, दोन मापांच्या पट्ट्या, चिकटपट्टी, साबण, छोटी कात्री. रबरबँड मात्र डब्याच्या झाकणालाच राहू द्या.