एम्प्रेस जेवत नाही

[डुकरिणीचं तोंड, अगदी जवळून]

अंग काळंकुळकुळीत. चारी पाय खुरांपाशी पांढरे, तोंडाचा शेंडा पांढरा आणि शेपटीचं टोकही. कान ताठ. ही बर्कशायर जात.

इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस यांच्या कथांमधल्या लॉर्ड एम्सवर्थचा जीव अशाच एका डुकरिणीत अडकला होता. नाव, एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज. घरात बहिणी हुकूम सोडताहेत, आणि लॉर्डसाहेब हिच्या कुंपणाला रेलून उभे.

[चाऱ्याची बादली, भरलेली]

१९२७ सालची कथा. डुकरांचा गडी दारू पिऊन दंगा केल्यामुळे चौदा दिवस आत जातो आणि इकडे एम्प्रेस अन्न सोडते. शेतकी प्रदर्शन तोंडावर आलेलं. लठ्ठ डुकरांच्या गटात उतरायचं तर खुराक रोज ५७,८०० कॅलरींचा. आपल्यासारख्या पंचवीस जणांचं दिवसाचं जेवण! उपाय सापडतो तो भाचीच्या प्रियकराकडे. नेब्रास्कात शेतावर राबून आलेला हा पोरगा डुकरांना जेवायला बोलावण्याची अस्सल हाक शिकवतो. लॉर्डसाहेब ती आगगाडीतल्या डुलकीत विसरतात.

[खंदक, पाण्यावर शेवाळ]

हे सगळं हवेतलं, असं म्हणणाऱ्यांना इथं आणून उभं करावं. इंग्लंडात नॉरफोकमधला हा हन्स्टंटन हॉल नावाचा वाडा. १९२० च्या दशकात वुडहाऊस इथं पाहुणे म्हणून येत, आणि या खंदकातल्या होडीत टाइपरायटर ठेवून लिहीत. टाइपरायटर डुगडुगायचा, लिहिणं चालू. डुकरीणही इथलीच, असं अभ्यासक सांगतात.

[गावाची पाटी]

आणि हे हॅम्पशायरमधलं एम्सवर्थ. पहिल्या महायुद्धाआधी ते इथं राहत. घराचं नाव थ्रीपवुड. गावाचं नाव लॉर्डला दिलं, घराचं त्याच्या घराण्याला. जवळचं बॉशम त्याच्या थोरल्या मुलाला. पोस्टमनलाही तोंडपाठ असलेली नावं!

१९४० साली जर्मनांनी वुडहाऊस यांना फ्रान्समध्ये पकडलं, १९४१ साली ते बर्लिन रेडिओवरून बोलले, इंग्लंड खवळलं. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि मायदेशी परतले नाहीत.

[प्रदर्शनाचं मैदान. हातात फळी आणि काठी घेऊन पांढऱ्या कोटातला माणूस]

हा माणूस गेला अर्धा तास तिला डावीकडे वळवतो आहे. ती उजवीकडे चालली आहे. परीक्षक गंभीर. मैदानात कुणी हसत नाही, आणि वुडहाऊस यांची गंमत नेमकी याच गांभीर्यातून आलेली आहे.

[बादली रिकामी होते]

आवाज जरा वाढवा. ती जेवते आहे.