दीड व्होल्ट गेला कुठे?

नागपुरात कामठी रोडच्या आतल्या गल्लीतलं हे ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं दुकान. आज मात्र इथं रामटेकजवळच्या खिंडसी तलावातली एक मोटर आली आहे. नावेच्या मागे अडकवायची ट्रोलिंग मोटर. बारा व्होल्टवर चालणारी, जवळजवळ बिनआवाजाची, म्हणून गळ टाकणाऱ्यांची लाडकी. तक्रार अशी, की सुटताना झकास पळते आणि पाच मिनिटांत दम टाकते. मालकाचं निदान तयारच आहे: कार्बन (मोटरीतले ब्रश) गेले, मोटर खोला.

मिस्त्री मोटरला हातही लावत नाहीत. आधी बॅटरी. मीटरवर 12.7, म्हणजे फुल चार्ज. पण या आकड्यावर भाळण्यात अर्थ नाही. नागपूरच्या नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बॅटरीतलं पाणी भराभर उडतं, प्लेटा उघड्या पडतात, तरी नुसती ठेवलेली बॅटरी आकडा ऐटीत दाखवते. लोड आला की पितळ उघडं पडतं.

म्हणून मोटर पाण्याच्या ड्रममध्ये. हवेत फिरवली तर ती जेमतेम करंट ओढते आणि दोष लपून राहतो. पाण्यात, फुल स्पीडला, हीच मोटर चाळीस अँपिअर मागते.

बॅटरीच्या टर्मिनलांवर आता 12.0. बॅटरी ठीक आहे. मोटरपाशी वायरीच्या टोकाला 10.5.

दीड व्होल्ट वाटेतच गडप!

"मोटर कायले खोलता भाऊ? करंटच पोचून नाही राहिला."

शोध चालू मोटरवरच घ्यायचा. मीटरचा एक प्रोब जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. जोड चांगला असेल तर आकडा शून्याला चिकटून राहतो. प्लसकडे तसाच आहे. मायनसकडे टर्मिनल ते थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक), शून्य. थिंबल ते वायरीचं तांबं, 1.3! चाळीस अँपिअरला याचे पन्नासेक वॉट होतात. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी धग त्या एका थिंबलमध्ये. तापला की जोड आणखी अडवतो, म्हणून ते पाच मिनिटांनी दम टाकणं.

रबर सोलल्यावर तांबं हिरवंगार. थिंबल कधीतरी पक्कडीने दाबलेलं, अर्ध्या तारा तुटलेल्या. पाणी तारांमधून वर चढत चढत वीतभर आत गेलंय. मिस्त्री चकाकतं तांबं लागेपर्यंत वायर कापत जातात. मग नवं थिंबल, क्रिंपिंगच्या अवजारानेच दाबलेलं, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

मोटर खोलायची वेळ येते, नाही असं नाही. पाच स्पीडच्या मोटरीत फक्त पाचवाच चालत असेल, तर स्पीड कॉइल (वेग कमी करणारी तारेची गुंडाळी) किंवा स्विच बघावा लागतो. पंख्यामागे गळाची दोरी गुंडाळली असेल तर ती ऑइल सील कापते आणि मोटरीत पाणी शिरतं. तेव्हा खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

इथं त्याच जोडावर मीटर आता 0.04 दाखवतो. मालकाचं समाधान नाही. "आलोच आहे, तर कार्बन बदलून द्या ना."

"खर्चच करायचा असंन तं बॅटरीजवळ फ्यूज टाका अन् जाड वायर न्या."