वस्तूखाली काय अंथरायचं?

ऑनलाइन विकायच्या वस्तूचा फोटो काढायला मोबाइल कुठलाही चालतो. घोळ होतो तो वस्तूखाली काय अंथरलंय तिथे. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चांदीचे पैंजण ठेवून बघा. खिडकी, छताचा पंखा, मोबाइल धरलेला तुमचा हात, सगळं त्या दगडात उमटतं आणि घुंगरं हरवतात. म्हणून खाली ठेवायला सनमायका घ्यायचा तर मॅट, म्हणजे बिनचमकेचा मागा. तुकडा तिरपा धरा. डोक्यावरच्या ट्यूबची रेघ त्यात स्वच्छ दिसली तर परत ठेवा. अख्खी शीट 8 बाय 4 फुटांची येते, ती विकत घ्यायची गरज नाही. सुताराकडे उरलेले तुकडे पडलेले असतात.

सुरुवात मात्र स्टेशनरीच्या दुकानातून करा. 22 बाय 28 इंचांचा जाड पांढरा कार्डशीट आणा. टेबल भिंतीला लावा, कागदाची वरची कड चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि कागद गोलाईने टेबलावर उतरू द्या. घडी अजिबात पडू देऊ नका, फोटोत तिची आडवी रेघ येते. दुकानदार कागद गुंडाळून देतो, तो घरी तासभर उलटा गुंडाळून ठेवा, मग सपाट बसतो. सात-आठ इंचांपर्यंतची वस्तू या कागदावर नीट मावते. मोठी समई उभी केलीत तर कागदाच्या कडा दिसणारच. तिथे दोन शीट जोडण्यापेक्षा साधी पांढरी चादर ताणून लावलेली बरी.

पांढरा कागद फोटोत राखाडी दिसतो, अशी तक्रार हमखास येते. समोर सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा आपणहून उजेड कमी करतो. स्क्रीनवर वस्तूवर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कागद निळसर येत असेल तर कारण वेगळं आहे. शुभ्र दिसावा म्हणून काही कागदांत जे द्रव्य घालतात, ते खिडकीतून येणाऱ्या अतिनील किरणांनी निळसर चमकतं. तिथे किंचित सायीच्या रंगाचा ड्रॉइंग पेपर वापरा. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मात्र पार्श्वभूमी शुद्ध पांढरीच लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा आकडा 255, आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो.

कापडाचं जरा जपून. मांजरपाट स्वस्त आणि सुंदर, पण आधी धुऊन खळ काढा, कडक इस्त्री करा. नथीखाली खण अंथरायचा मोह आवरा: खणाच्या बुट्ट्या जवळजवळ मोत्याएवढ्याच, मग नजर ठरायची कुठे? मखमलीवर धुळीचा कणन् कण दिसतो. चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून दर फोटोआधी थोपटा. आणि चांदीखाली लाल कापड नकोच. लाल झाक धातूत उतरते, गिऱ्हाइकाला तांब्यावरचा मुलामा वाटतो आणि वस्तू परत येते. त्याच चांदीला फिक्या राखाडी कार्डशीटवर ठेवा, दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीच्या काळ्या कागदाच्या पट्ट्या चौकटीबाहेर उभ्या करा. काठाला बारीक काळी रेघ येते आणि घुंगरू न् घुंगरू वेगळं दिसतं.