मीठ पाणी ओढत नाही

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'पेशीपटलातून होणारे वहन' असा छापलेला आहे (पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण) आणि त्याकडे मी वळणारच आहे. मात्र त्याआधी एका क्रियापदाविरुद्धची माझी जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी. ते क्रियापद म्हणजे 'ओढणे'. 'मीठ पाणी ओढून घेते' असे मी शाळेत लिहिले, त्याला पूर्ण गुण मिळाले, आणि पुढे उत्तरपत्रिका तपासण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा तेच वाक्य इतक्यांदा वाचावे लागले, की त्या गुणांची सव्याज परतफेड झाली असे मी समजतो. मीठ ही काही दोरी नव्हे.

पाण्यात शाईचा थेंब पडला की तो पसरतो, याला आपण विसरण म्हणतो. शाईच्या कणांना 'तिकडे जागा मोकळी आहे' हे कोणी सांगितलेले नसते. प्रत्येक कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात दिशाहीन भटकत असतो. परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांची अशीच अखंड धडपड रॉबर्ट ब्राऊन यांनी 1827 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिचा हिशेब आइनस्टाइन यांनी 1905 मध्ये मांडला. जिथे कण अधिक, तिथून बाहेर पडणारेही अधिक, एवढाच या प्रवाहाचा अर्थ. हे भटकणे जवळच्या अंतरावर झपाट्याचे आणि दूरच्या अंतरावर रटाळ असते, कारण लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पाण्यातल्या लहान रेणूला मिलिमीटरचा शंभरावा भाग कापायला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो, तर एक सेंटिमीटरसाठी बारा-चौदा तास लागतात. पेशी लहान का, याचे एक कारण येथेच आहे.

आता माझा आवडता किस्सा. 1748 च्या सुमारास आबे नोले या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्याने बांधले आणि हवा लागू नये एवढ्याच हेतूने ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो कातडे फुगून ताठ झालेले! टाचणीने टोचताच आतून धार उडाली. मग त्यांनी उलटा प्रयोग केला, म्हणजे आत पाणी आणि बाहेर मद्यार्क. तेव्हा कातडे आत खचले. कातड्यातून पाणी सहज जात होते, मद्यार्काला मात्र वाट अवघड होती. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचे असे एका बाजूला जाणे, हाती लागले ते असे, दुसरेच काही शोधताना. मद्यार्काचे हे भांडे धर्मगुरूंच्या हाताशी कसे होते, हा प्रश्न मी अनेक सभांत विचारला आहे आणि हसण्याखेरीज त्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा मूळ विषय आटोपतो. पटलाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे रेणू सतत ये-जा करतात. विद्राव्य, म्हणजे विरघळलेला पदार्थ, ज्या बाजूला अधिक, त्या बाजूने परतणारे पाणी कमी पडते, आणि ही तफावत म्हणजेच परासरण. म्हणून तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुगून फुटते, 0.9 टक्के मिठाच्या द्रावणात जशीच्या तशी राहते आणि त्याहून खारट द्रावणात आक्रसते. वनस्पतीची पेशी मात्र भित्तिकेमुळे फुटत नाही. ऑक्सिजन पटलातल्या मेदाच्या दुहेरी थरातून सरळ पार होतो, आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, प्रथिनांच्या वाटा लागतात. पाण्यासाठीही स्वतंत्र मार्गिका आहेत: पीटर ॲग्रे यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये असे प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवले, आणि सौम्य द्रावणात ठेवताच त्या काही मिनिटांत फुटल्या. अशी एक मार्गिका सेकंदाला सुमारे 300 कोटी रेणू जाऊ देते.

राहिला सोडियम-पोटॅशियम पंप, पटलातलेच एक प्रथिन, जो 3 सोडियम आयन बाहेर काढून 2 पोटॅशियम आयन आत घेतो आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च करतो. तेथे आपण 'ओढणे' खुशाल लिहावे, मी गुण कापणार नाही.