ई-सिम: कोणी घ्यावं, कसं घ्यावं आणि कुठे अडतं

मंडळी, सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ई-सिम घेतल्याने रेंज वाढत नाही. धडगावच्या डोंगरात जो टॉवर साध्या सिमला लागत नाही, तो ई-सिमलाही लागणार नाही. फोनचा अँटेना तोच, टॉवर तोच, कंपनीही तीच. वेगही वाढत नाही. दुकानात कोणी 'फाइव्ह-जीसाठी ई-सिम लागतं' असं म्हणालं, तर ते खोटं आहे.

मग बदलतं काय? आजवर जी चिप प्लास्टिकच्या तुकड्यावर यायची, ती आता कारखान्यातच फोनच्या बोर्डावर डकवलेली असते. साधारण सहा बाय पाच मिलिमीटरची. ती येते तेव्हा तिच्यात कोणत्याच कंपनीची माहिती नसते. तुम्ही निवडाल त्या कंपनीची माहिती नंतर इंटरनेटवरून उतरवायची. तिला प्रोफाइल म्हणतात.

या प्रोफाइलमध्ये तुमचा मोबाईल नंबर असतो असं बहुतेकांना वाटतं. खरं तर साध्या सिममध्येही नंबर हा मुख्य ऐवज नव्हता. नंबर असतो कंपनीच्या नोंदीत. जमिनीची मालकी जशी महसुली दप्तरात असते आणि आपल्या हातात फक्त उतारा असतो, तसंच हे. सिममध्ये असतो एक ग्राहक क्रमांक आणि १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. फोन टॉवरला जोडला जातो तेव्हा नेटवर्क एक यादृच्छिक आकडा पाठवतं, चिप त्या किल्लीने हिशेब करून उत्तर देते, आणि उत्तर जुळलं की तुम्हाला आत घेतलं जातं. किल्ली स्वतः कधीच बाहेर जात नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या रेडिओलिन्या कंपनीसाठी पहिली सिम कार्डं बनली, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. कार्ड लहान होत गेलं, इतकंच.

ही डकवलेली चिप आधी फोनसाठी नव्हतीच, यंत्रांसाठी होती. सुरत–नागपूर महामार्गावर धावणाऱ्या बसमधला ट्रॅकर घ्या. धूळ, धक्के आणि मे महिन्यात आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. अशा ठिकाणी खाचेतलं कार्ड हलतं, त्याच्या संपर्कपट्ट्यांवर मळ बसतो आणि गाडी नकाशावरून गायब होते. म्हणून तिथे चिप झाळून टाकतात. हीच कल्पना २०१६ मध्ये ग्राहकांच्या उपकरणांसाठी प्रमाणित झाली आणि २०१७-१८ पासून पिक्सेल, आयफोन अशा फोनांत आली. आज जिओ, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) ई-सिम देतात. बीएसएनएलनेही २०२५ मध्ये सुरुवात केली.

आता तुमचा फोन. डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, पंधरा आकडे दिसतील, ते सगळ्याच फोनांत असतात. त्यांच्यासोबत ईआयडी नावाचा ८९ ने सुरू होणारा बत्तीस आकडी क्रमांक दिसला, तर फोनात ई-सिमची चिप आहे. नसेल तर विषय संपला. कुठलंही ॲप टाकून ती येत नाही. स्वस्त फोनांपैकी बहुतेकांत ती नसते. बाहेरून आणलेल्या आयफोनबाबत दोन टोकं आहेत. चीन आणि हाँगकाँगच्या बहुतेक मॉडेलांत दोन साधी सिम बसतात आणि ई-सिम नसतं. अमेरिकेच्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांत सिमची खाचच नाही. पाहुण्याने अमेरिकेहून फोन आणला तर तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हेही विचारा. लॉक असेल तर आपल्याकडचं प्रोफाइल त्यात चालणार नाही.

साध्या सिमचं ई-सिम करायला दुकानात जायलाच हवं असं नाही. एअरटेलला १२१ वर एसएमएस करायचा: ईसिम हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मग जागा सोडून नोंदवलेला ईमेल. व्हीआयला असाच संदेश १९९ वर. जिओला १९९ वरच, पण 'गेटईसिम' हा सलग शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे बत्तीस आकडी ईआयडी आणि पंधरा आकडी आयएमईआय. कंपन्या या पद्धती बदलत असतात, म्हणून त्यांच्या अधिकृत ॲपमध्ये एकदा ताळा करून घ्या. संदेश गेला की संमती विचारणारा एसएमएस किंवा फोन येतो. त्याला ठरावीक वेळेत उत्तर द्यावं लागतं, कधी तर मिनिटभरच मिळतं. ते हुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

संमती दिली की क्यूआर कोड येतो, किंवा तोच मजकूर अक्षरांत येतो. त्या कोडमध्ये तुमची किल्ली नसते. त्यात कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि एक जुळणी-संकेत असतो. फोन त्या सर्व्हरकडे जातो, दोघे एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, आणि तुमच्याच चिपला उघडता येईल असं कुलूपबंद प्रोफाइल खाली उतरतं. यासाठी इंटरनेट लागतं, आणि त्या वेळी तुमचं जुनं सिम बंद होण्याच्या बेतात असतं. म्हणून वायफायवर बसा किंवा घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या.

फोनात कुठे जायचं? सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, सिम मॅनेजर, ॲड ई-सिम. पिक्सेलमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग सिम्स. आयफोनमध्ये मोबाईल सर्व्हिस, ॲड ई-सिम. हमखास अडतं ते इथे: कोड आला त्याच फोनच्या ईमेलवर, आणि कॅमेराही त्याच फोनचा! दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर मेल उघडून तो स्कॅन करा. नव्या आयफोनवर मेलमधल्या कोडवर बोट दाबून धरलं तरी पर्याय येतो. नाहीतर 'तपशील हाताने भरा' निवडून सर्व्हरचा पत्ता आणि संकेत टाका. टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एल यांत गल्लत झाली की फोन नुसतं 'कोड चालत नाही' म्हणतो, कुठे चुकलं ते सांगत नाही.

कोड सहसा एकदाच चालतो. प्रोफाइल उतरल्यावर 'बघू पुन्हा' म्हणून डिलीट केलं, तर तोच कोड पुन्हा स्कॅन करून उपयोग नाही, कंपनीकडून नवा घ्यावा लागतो. तात्पुरतं नको असेल तर प्रोफाइल बंद करा, पुसू नका. फोन फॉरमॅट करतानाही 'ई-सिमही पुसायचं का' असा एक छोटा चौकोन येतो. घाईत त्यावर टिक केली जाते आणि मग कंपनीच्या गॅलरीची, म्हणजे दुकानाची, पायरी चढावी लागते. उलट बाजूही ध्यानात घ्या: प्रोफाइल पुसलं म्हणजे नंबर बंद झाला असं नाही. पोस्टपेड असेल तर बिल येतच राहील.

प्रोफाइल उतरल्यावर जुन्या सिमची रेंज जाते आणि नव्याची येते. कधी पाच मिनिटांत, कधी दोनेक तास. या मधल्या वेळात पुन्हा पुन्हा विनंती पाठवू नका. एक विनंती चालू असताना दुसरी टाकली की दोन्ही अडकू शकतात.

यानंतर येतो चोवीस तासांचा प्रश्न, आणि लोक सर्वांत जास्त चिडतात ते यावर. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. हा कंपनीचा खोडसाळपणा नाही. सिम बदलून होणाऱ्या चोऱ्या रोखायला दूरसंचार विभागाने घातलेली ती अट आहे. साध्याचं ई-सिम करणं हेही सिम बदलणंच. याचा अर्थ, बँकेचा ओटीपी येणार नाही. यूपीआय ॲपने सिम बदललेलं ओळखलं आणि पुन्हा नोंदणी मागितली, तर ती तुमच्या नंबरवरून एसएमएस पाठवूनच होते, आणि तो जाणार नाही. म्हणून केळीचा माल भरायच्या दिवशी, हप्ता कापायच्या आदल्या दिवशी किंवा पोराची फी ऑनलाइन भरायची असेल तेव्हा हे काम काढू नका. शिवाय १ जुलै २०२४ पासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे: सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. पोर्ट करायचंच असेल तर आधी पोर्ट करा आणि नव्या कंपनीकडूनच ई-सिम मागा.

एकाच फोनात किती नंबर? चिपमध्ये प्रोफाइलं बरीच मावतात, आयफोनमध्ये आठ किंवा जास्त. पण एका वेळी चालतात दोनच. काही अँड्रॉइड फोनांत दोन खाचा आणि वर ई-सिम असतं, तिथेही तीन नंबर एकदम चालू राहत नाहीत. आणि बहुतेक फोनांत एका नंबरवर बोलणं चालू असताना दुसऱ्यावर फोन लागत नाही. व्यापाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अडत दुकानाचा आणि घरचा नंबर एकाच फोनात असेल, तर एकावर भाव चालू असताना दुसरा गप्प असतो.

परदेशी जाणाऱ्यांना मात्र ई-सिम खरोखर सोयीचं आहे. दुबईला, उमरा-हजला जाताना तिथलं फक्त डेटाचं प्रोफाइल घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा आणि तिथे पोहोचल्यावर चालू करा. आपला भारतातला नंबर ओटीपीसाठी चालू ठेवायचा, पण त्याचं डेटा रोमिंग बंद. हा एक खटका विसरला की बिल डोळे पांढरे करतं.

आता तोटा. फोन विहिरीवर पाण्यात पडला, स्क्रीन काळी झाली. साधं सिम असतं तर पिनेने काढून घरातल्या जुन्या फोनात टाकलं आणि पाच मिनिटांत काम सुरू. ई-सिममध्ये ते होत नाही. दुसरा ई-सिमवाला फोन हवा, कंपनीकडे नवी विनंती हवी, आणि नोंदवलेला नंबरच बंद असल्याने बहुधा आधार घेऊन गॅलरीत जावं लागतं. सुरतेला राहणाऱ्या जिभाऊंचा नंबर गुजरातचा असेल आणि आखाजीला गावी आल्यावर फोन फुटला, तर महाराष्ट्रातलं दुकान तो नंबर चालू करून देईलच असं नाही. आधी विचारून घ्यावं. ज्यांचा एकच नंबर बँकेला जोडलेला आहे आणि घरात दुसरा ई-सिमचा फोन नाही, त्यांनी तो नंबर साध्या सिमवरच ठेवावा आणि दुसरा नंबर ई-सिम करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोन चोरीला गेला तर हिशेब उलटा होतो. साधं सिम चोर काढतो, आपल्या फोनात टाकतो आणि तुमचे ओटीपी वाचतो. ई-सिम काढता येत नाही. लॉक उघडल्याशिवाय पुसताही येत नाही. पण लॉक स्क्रीनवरून खाली ओढून विमान मोड लावता येत असेल, तर चोर तेवढंच करतो आणि फोन शोधणं अवघड होतं. लॉक असताना ते पॅनेल उघडणार नाही अशी सेटिंग करून घ्या. साध्या सिमला निदान पिन लावा, पण अंदाजाने आकडे दाबू नका. तीन चुकांनंतर पीयूके नावाचा आठ आकडी कोड लागतो आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं जातं.

आणि फसवणूक. इथे मी जरा थांबतो, कारण ई-सिमची सगळी जोखीम इथे गोळा झाली आहे. पूर्वी तुमचं सिम पळवायला चोराला खोटी कागदपत्रं घेऊन दुकानात जावं लागे. आता त्याला तुमच्या फोनवरून एक एसएमएस गेला तरी पुरतो. पद्धत अशी: 'केवायसी संपलं, नंबर बंद होईल' असा फोन येतो. मग तो एक मजकूर पाठवतो आणि म्हणतो, हा आहे तसा कंपनीच्या क्रमांकावर पुढे पाठवा. क्रमांक खराच कंपनीचा असतो, म्हणून विश्वास बसतो. पण मजकुरात ईमेल असतो चोराचा. कधी आधी ईमेल बदलण्याची विनंती करवून घेतो आणि मग ई-सिमची. संमतीच्या एसएमएसला 'एक दाबा' हेही तोच सांगतो. क्यूआर त्याच्या हातात पडतो आणि तुमची रेंज जाते.

म्हणून ई-सिम घेण्याआधी कंपनीकडे कोणता ईमेल नोंदवलाय ते पाहा. आपल्याकडे फोन घेताना दुकानातला पोरगा जीमेल काढून देतो आणि पासवर्ड खोक्यावर पेनने लिहितो. पुढे खोकं कुठे जातं कोणाला ठाऊक! नंबराची चावी आता त्या ईमेलमध्ये आहे. पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा.

तुम्ही काही मागितलेलं नसताना ई-सिमचा एसएमएस आला किंवा भरवस्तीत अचानक रेंज गेली आणि शेजारच्याची त्याच कंपनीची रेंज आहे, तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सांगून नंबर थांबवा, मग बँकेला सांगून खातं आणि यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. ते चोवीस तासांचं एसएमएस-बंधन इथे तुमच्या बाजूने काम करतं, चोरालाही ओटीपी मिळायला उशीर होतो. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. कमाल नऊ चालतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना फोन घेताना त्याच पोर्टलवर आयएमईआय तपासा आणि विकणाऱ्याने आपलं ई-सिम पुसलंय का तेही पाहा.

शेवटी रावेर-यावलकडच्या बागायतदारांचा नेहमीचा प्रश्न: पाण्याची मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरला ई-सिम चालेल का? नाही. त्यात खाच आहे आणि साधं सिमच लागतं. बऱ्याच स्टार्टरांचं मॉड्यूल टू-जीचं असतं, आणि जिओकडे टू-जी नाही, म्हणून त्यांत जिओचं सिम चालत नाही. स्टार्टर खराब आहे म्हणून परत आणला जातो तेव्हा अनेकदा दोष एवढाच असतो. फोनमधला नंबर ई-सिम केल्यावर रिकामं झालेलं कार्ड स्टार्टरमध्ये टाकण्याचा उद्योगही करू नका, ते मेलेलं असतं. स्टार्टरसाठी वेगळा नंबर घ्या. पावसाळ्यात मोटार महिनोन्महिने बंद राहते, रिचार्ज संपतो, आणि ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते. पोळ्याच्या सुमारास एकदा त्या नंबरवर फोन लावून पाहा. तेव्हा कळलं तर रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी नवं सिम घालायला वेळ असतो.