एक डाव, पाच जण

श्रोतेहो, नमस्कार.

'सिव्हिलायझेशन'सारखा, संगणकावर राज्य उभारण्याचा स्ट्रॅटेजी गेम शिकणारा एका टप्प्यावर हमखास अडतो. नियम पाठ झालेले असतात, सोप्या पातळीवर तो जिंकतही असतो. एक पातळी वर गेला की हरतो, आणि का हरला ते त्याला सांगता येत नाही. या खेळात चूक होते विसाव्या टर्नला, म्हणजे विसाव्या खेळीला, आणि तिचा फटका बसतो दोनशेव्या टर्नला. मधल्या काळात खेळणारा एकटाच असतो, त्याला कुणी 'हे का केलंस?' म्हणून विचारत नाही. सामूहिक सराव डाव भरवायचा तो हे विचारलं जावं म्हणून. चार-पाच जणांनी मिळून एकच डाव खेळायचा. एकाने ठरलेले टर्न खेळायचे, सेव्ह केलेली फाइल पुढच्याला द्यायची, त्याने तिथून पुढे न्यायचं. हा डाव कसा मांडायचा आणि कुठे कुठे फसतो, ते आज पाहू.

उदाहरणासाठी २००५ साली आलेला 'सिव्हिलायझेशन फोर' घेऊ, तोही 'बियाँड द सोर्ड' या २००७ च्या विस्तारासह. गेम जुना आहे, पण शिकवायला सोयीचा. अन्न किती, हॅमर म्हणजे उत्पादन किती, व्यापार किती, सगळे आकडे समोर दिसतात आणि हिशेब कागदावर करता येतो.

आधी गटाचं गणित. प्रत्येकाला पाळी आल्यावर २४ तासांत 'घेतला' असं कळवायचं आणि त्यापुढच्या ४८ तासांत खेळून फाइल पुढे द्यायची, असा नियम ठेवला तर एका माणसाला जास्तीत जास्त ३ दिवस लागतात. पाच जण असतील तर पाळी परत यायला १५ दिवस. आठ जण घेतले तर २४ दिवस, आणि तोवर पहिल्याला आपलं राज्य कुठे आहे तेही आठवत नाही. म्हणून चार शिकणारे आणि एक जाणकार, एवढंच पुरे. उत्साहाच्या भरात दहा जण जमले तर सरळ दोन डाव करावेत.

टर्नची वाटणी सारखी नको. पहिल्याला २०, बाकीच्या चौघांना १५-१५, आणि दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांना १०-१०. सुरुवातीला एक शहर आणि एखाद-दुसरं युनिट, म्हणजे हलवायची सोंगटी, एवढंच असतं, निर्णय थोडे असतात. पुढे एकेका टर्नमध्ये वीस-वीस गोष्टी ठरवाव्या लागतात. युद्ध पेटलं की दहाही जड जातात, तेव्हा पाच-सहा करावेत.

फाइल फिरवण्याआधी एक रटाळ पण टाळू नये असं काम आहे. सगळ्यांकडे गेमची आवृत्ती एकच हवी. 'बियाँड द सोर्ड'चा शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्ती, ३.१९ आहे, तोच सगळ्यांनी टाकावा आणि मॉड, म्हणजे इतरांनी गेममध्ये केलेले बदल, बंद ठेवावेत. मग आयोजकाने एक चाचणीची फाइल पाठवावी आणि प्रत्येकाने ती उघडून राजा कोण दिसतो ते कळवावं. 'माझ्याकडे उघडेल की' हे उत्तर ग्राह्य धरू नये. चौथ्या माणसाकडे फाइल उघडत नाही हे साठाव्या टर्नला कळलं तर डाव तिथेच मोडतो.

आता पट मांडायचा. अडचणीची पातळी गटातले बहुतेक जण जिथे जिंकतात त्याच्या एकच पायरी वर ठेवावी. 'नोबल' ही ढोबळमानाने बरोबरीची पातळी. तिथे माणसाला आणि संगणकाला जवळपास सारखी वागणूक मिळते. नोबलवर जिंकणाऱ्यांनी 'प्रिन्स' घ्यावी. थेट 'एम्परर' घेऊन रोज मार खाल्ल्याने कुणी शिकत नाही. नकाशा 'पॅन्जिया', आकार लहान, वेग 'नॉर्मल'. एकच खंड असला की शेजारी लवकर भेटतात आणि जहाजांचं प्रकरण पुढच्या डावावर ढकलता येतं. 'कस्टम गेम'मध्ये आदिवासी गावं आणि अचानक घडणाऱ्या घटना या दोन्ही गोष्टी बंद करता येतात, त्या कराव्यात. गावातून फुकट मिळालेल्या तंत्रज्ञानामुळे डाव सुधारला तर त्यातून काय शिकणार? बार्बेरियन, म्हणजे कुठल्याच राज्याचे नसलेले हल्लेखोर, मात्र ठेवावेत. ते त्रास देतात तो शिकवणारा त्रास आहे.

शिवाय प्रत्येक डावाला एकच धडा असावा. पहिल्या डावासाठी 'इसवी सन १ पर्यंत एकही वंडर नाही' हा नियम चांगला. शिकणाऱ्यांना वंडरचा, म्हणजे पिरॅमिडसारख्या भव्य वास्तूंचा, भारी मोह असतो. पिरॅमिडला ५०० हॅमर लागतात आणि नवं शहर वसवणाऱ्या एका सेटलरला १००. म्हणजे एक पिरॅमिड म्हणजे पाच शहरांचे सेटलर. दगडाची खाण जोडलेली असेल तर पिरॅमिड निम्म्यात होतो हे खरं, पण तो हिशेब करून पिरॅमिड बांधणारा आणि चित्र सुंदर म्हणून बांधणारा यांत फरक आहे.

पहिले वीस टर्न जरा जवळून पाहू. समजा भारत घेतला आणि राजा अशोक. भारताला सुरुवातीलाच 'मिस्टिसिझम' आणि 'मायनिंग' ही दोन तंत्रज्ञानं येतात. मिस्टिसिझम हातात आहे म्हणून नवखा लगेच 'मेडिटेशन' शोधायला घेतो, बौद्ध धर्म आपल्याकडे स्थापन व्हावा म्हणून. इकडे राजधानीत वर्कर, म्हणजे शेतं-रस्ते करणारा कामगार, तयार होतोय. वर्करला ६० हॅमर लागतात. तो तयार होत असताना जास्तीचं अन्नही हॅमरसारखं मोजलं जातं आणि शहर वाढायचं थांबतं. राजधानीची जागा दर टर्नला २ अन्न आणि १ हॅमर देते. शेजारी गवताळ जमिनीवर मका असेल तर ती जागा शेत नसतानाही ३ अन्न देते. एकूण ५ अन्न, त्यातले २ लोकसंख्या खाते, उरले ३. त्यात १ हॅमर मिळवला की झाले ४. साठ भागिले चार, पंधरा टर्न. पंधराव्या टर्नला वर्कर बाहेर येतो आणि मक्याशेजारी जाऊन उभा राहतो, कारण 'ॲग्रिकल्चर' शोधलेलंच नाही! शेत करता आलं असतं तर तीच जागा ५ अन्न देऊ लागली असती, आणि नदी किंवा तळं लागून असेल तर ६. म्हणून आधी ॲग्रिकल्चर, आणि मायनिंग हातात आहेच तर त्यानंतर 'ब्रॉन्झ वर्किंग'. तांबं कुठे आहे ते त्यानेच दिसतं आणि जंगल तोडून हॅमर मिळवता येतात, 'मॅथेमॅटिक्स'च्या आधी एका जंगलामागे २०.

हा हिशेब खेळून झाल्यावर सांगितला तर डोक्यावरून जातो. म्हणून सराव डावाचा कणा म्हणजे खेळण्याआधीचा आराखडा. पाळी आलेल्याने फाइल उघडावी, सगळं पाहावं, पण टर्न पुढे ढकलू नये. मग चार-पाच ओळी लिहाव्यात: काय बांधणार, काय शोधणार, वर्कर कुठे जाणार, पुढचं शहर कुठे, आणि काय घडलं तर मी थांबेन. सोबत नकाशाचं चित्र द्यावं. कंट्रोल आणि आर दाबलं की साधनसंपत्ती दिसते, कंट्रोल आणि वाय दाबलं की प्रत्येक जागेचं उत्पन्न, कंट्रोल आणि टी दाबलं की चौकटी. या तिन्ही चालू नसतील तर त्या चित्रावर चर्चा करता येत नाही.

आराखड्यावर आधी शिकणाऱ्यांनी बोलायचं, जाणकाराने सगळ्यात शेवटी. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि त्याचं नुकसानही सगळ्यात जास्त. जाणकार पहिल्यांदा बोलला की चर्चा संपते. मग तो हळूहळू यादीच देऊ लागतो: हे बांध, ते शोध, युनिट इथे ठेव. शिकणारा नुसता हुकूम बजावतो, डाव थाटात जिंकला जातो आणि पुढच्या खेपेला एकटा बसला की तो होता तिथेच असतो. जाणकाराने सल्ला देताना पर्याय दोन ठेवावेत आणि प्रत्येकाची किंमत सांगावी. निवड खेळणाऱ्याची. ती जाणकाराला पटली नाही तरी चालवून घ्यावी. शहर जात असेल तरच हात घालावा.

थांबायच्या जागा आधीच ठरवाव्यात. कुणी युद्ध पुकारलं, नवा शेजारी भेटला, तांबं किंवा घोडे दिसले, ग्रेट पर्सन जन्माला आला, कुणी धर्म बदलायची मागणी केली, तर तिथेच सेव्ह करून गटाला विचारायचं. तसंच प्रत्येकाने पर्यायांमध्ये 'टर्नच्या शेवटी थांबा' ही सोय चालू करून घ्यावी. नाहीतर शेवटचं युनिट हललं की टर्न आपोआप संपतो आणि शहरात करायचं राहिलेलं काम राहूनच जातं. ही सेटिंग ज्याच्या-त्याच्या संगणकावर असते, फाइलबरोबर येत नाही. ऑटोसेव्हही प्रत्येक टर्नला होईल असा लावावा.

आता हस्तांतर. बहुतेक डाव शत्रूमुळे नाही, हस्तांतरात बिघडतात. एक उदाहरण घ्या. एका खेळाडूने दूरच्या टेकडीवर एक वॉरियर उभा केला आहे. दिसायला तो रिकामाच. पण बार्बेरियन आपल्याला न दिसणाऱ्या जागीच उगवतात, आणि त्या टेकडीवरून मोठा पट्टा दिसत असतो. पुढचा खेळाडू म्हणतो, हा इथे काय करतोय, आणि त्याला घरी आणतो. थोड्याच टर्नमध्ये त्या बाजूने तिरंदाज येतात आणि वर्कर जातो. उपाय सोपा आहे: युनिटच्या नावावर क्लिक करून नाव बदलता येतं. रोमन लिपीत 'पहारा' असं नाव ठेवावं, पुढचा हलवण्याआधी निदान विचारेल तरी.

दुसरं उदाहरण कॉटेजचं, म्हणजे पैसा देणाऱ्या वस्तीचं. कॉटेज १० टर्नांनी हॅम्लेट होतं, आणखी २० नी व्हिलेज, आणखी ४० नी टाउन. एकूण ७० टर्न. पण शहरातला माणूस त्या जागेवर काम करत असेल तेवढेच टर्न मोजले जातात. पाच जणांच्या डावात एक जण कॉटेज जोपासतो, दुसरा सैन्यासाठी माणसं खाणीत हलवतो, तिसरा पुन्हा कॉटेजवर आणतो. शंभर टर्न झाले तरी टाउन नाही, खजिना आटलेला, आणि दोष दिला जातो जास्त शहरांच्या खर्चाला. म्हणून कोणतं शहर कशासाठी हे एकदा ठरवून, पाळी संपल्यावर पुढच्यासाठी लिहायच्या अहवालाच्या माथ्यावर लिहून ठेवावं, आणि ते बदलायचं तर गटात.

स्लेव्हरी, म्हणजे माणसं खर्ची घालून काम उरकून घेण्याची सोय, तिचंही तसंच. एक लोकसंख्या खर्च करून ३० हॅमर मिळतात, बदल्यात १० टर्न एक माणूस नाराज राहतो. एकाने एकदा वापरलं तर सौदा फायद्याचा. प्रत्येकाने आपल्या पाळीत त्याच शहरात 'एकदाच' वापरलं तर नाराजी साचत जाते आणि शहर ठप्प होतं. शेवटचा वापर कितव्या टर्नला, ते अहवालात हवं.

अहवाल लांबलचक नको. टर्न क्रमांक, काय केलं, का केलं. शेवटी: चालू असलेले करार, अर्धवट कामं, दूर पाठवलेली युनिट. शेवटच्या टर्नला एंटर न दाबता सेव्ह करावं, म्हणजे पुढच्याला त्या टर्नमध्ये दुरुस्ती करता येते. वर्कर स्वयंचलित ठेवून फाइल देऊ नये. पुढचा कामाला लागेपर्यंत त्याने भलत्याच ठिकाणी रस्ते घातलेले असतात. फाइलच्या नावात डावाचं नाव, टर्न आणि खेळणाऱ्याचं आद्याक्षर असलं की दोघांनी एकाच फाइलवर खेळण्याचा घोळ टळतो.

मागे जाऊन पुन्हा खेळायला पूर्ण बंदी. गेम बंद पडला तरच शेवटचा ऑटोसेव्ह घ्यावा आणि त्याच चाली त्याच क्रमाने कराव्यात. लढाई हरलो म्हणून परत फिरणाऱ्यापेक्षाही, 'जरा पुढे खेळून पाहिलं' म्हणणारा जास्त घातक. नकाशाच्या अजून न दिसलेल्या भागात, धुक्यामागे, काय आहे हे त्याला कळलेलं असतं आणि त्याचा प्रत्येक सल्ला नासका होतो, त्याच्या मनात नसलं तरी.

कुणी ७२ तासांत खेळला नाही तर पाळी पुढच्याला. परीक्षा, प्रवास असेल तर आधी सांगून अदलाबदल. सलग दोनदा न सांगता चुकला तर तो प्रेक्षक. यात भीडभाड ठेवली की बाकीचे चौघे कंटाळून जातात.

आणि डाव जिंकेपर्यंत खेळायचाच असं नाही. पाच जणांची पहिली फेरी ८० टर्नांची, पुढच्या ५०-५० च्या. नॉर्मल वेगात इसवी सन १००० म्हणजे १६० वा टर्न, तिसऱ्या फेरीत येतो, जास्तीत जास्त दीड महिन्यात. पहिला सराव डाव तिथेच थांबवावा. मग सगळ्यांनी एकत्र बसून २०, ५०, ८० आणि १२० व्या टर्नच्या आसपासच्या फाइली उघडाव्यात: शहरं किती, वर्कर किती, शहरामागे दीड वर्कर तरी आहे का, कोणत्या जागेवर सुधारणा नसताना माणूस काम करतोय. ही तपासणी दोन तासांची असते. तिच्यात जी चूक सगळ्यांच्या हातून झालेली सापडेल, तिच्यावरून पुढच्या डावाचा नियम ठरवावा, आणि या वेळी शेवटी खेळलेल्याला पहिली पाळी द्यावी.

नमस्कार.