‘दृश्यम’चा संथ भाग, पणजीची पावभाजी आणि आमचा केबलवाला

नमस्कार मंडळी. मागून जो घर्र घर्र आवाज येतोय तो आईच्या मिक्सरचा. थांबव म्हटलं तर जेवण थांबेल, तेव्हा चालवून घ्या.

परवा एक मित्र मला म्हणाला, ‘दृश्यम’ परत बघत असशील तर सुरुवात पळव, तिथं काही घडतच नाही. मला राग आला, म्हणून आजचा व्हिडिओ. बोलतोय हिंदीतल्या, 2015च्या, निशिकांत कामतांच्या ‘दृश्यम’बद्दल. शेवट फोडणार नाही, पण मधलं बरंच सांगणार आहे. ज्यांनी अजून पाहिला नाही, त्यांनी दहा वर्षं काय केलं मला माहीत नाही.

तर ‘काही घडत नाही’ त्या भागात काय आहे? विजय साळगांवकर. चौथी नापास, केबलचा धंदा, रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघणारा. पैशाला चिकट. बायको आणि मुली काही मागतात, हा टाळतो. समोर मार्टिनचं हॉटेल, पलीकडे पोलीस चौकी, आणि तिथला गायतोंडे याच्यावर डूख धरून.

आता हे गोव्यात बसून बघा. साळगांवकर म्हणजे साळगावचा, आमच्या बार्देश तालुक्यातला. गायतोंडे हेही इथलंच आडनाव. हिंदी सिनेमातला गोंयकार कसा असतो तुम्हांला ठाऊक आहे: हातात बाटली, गळ्यात क्रूस, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅन’. गंमत म्हणजे मूळ मल्याळम ‘दृश्यम’मध्ये, 2013च्या, नायक जॉर्जकुट्टी ख्रिस्तीच आहे. ते कुटुंब जातं चर्चच्या ध्यानशिबिराला, तारीख ऑगस्टची. गोष्ट गोव्यात आणल्यावर ख्रिस्ती घर तसंच ठेवणं सगळ्यांत सोपं होतं. यांनी उलट केलं. घर साळगांवकरांचं, ध्यानाचा झाला सत्संग, आणि तारीख 2 ऑक्टोबर. पडद्यावरच्या गोव्यात तुळशीवृंदावनवाल्या घरांना एरवी कोण विचारतो?

आणि तो केबलवाला! सेट-टॉप बॉक्स यायच्या आधी आमच्या डिचोलीकडे एक होता. महिन्याच्या पैशांना यायचा, कानामागे पेन, काखेत वही. कोणाच्या घरी कुठली मालिका लागते हे त्याला पाठ. आई संध्याकाळी सातला ‘चित्र हालतां रे’ म्हणून ओरडली, की हा शिडी घेऊन हजर. वाड्यावरच्या जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग तोच लोकल चॅनलवर लावायचा, आणि मग अख्खा गाव स्वतःलाच बघत बसायचा. ‘हो पळय आमचो बाबलो, भाशण विसरलो!’ नायक केबलवाला केला ही हुशारी मला तिथं कळते. गावात प्रत्येक दारात ज्याला चहा मिळतो आणि ज्याच्याकडे कोणी नीट बघत नाही, असा तोच एक माणूस.

म्हणून तो संथ भाग हवा. पुढे विजय काय करतो? घरच्यांच्या हातून एक मृत्यू घडतो, तो लपवायला तो त्यांना घेऊन पणजीला जातो, पण घटना घडून गेल्यानंतर. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला, सगळ्यांशी बोलतो, आणि बोलता बोलता आधीची तारीख त्यांच्या कानावर घालतो. माणसाला चेहरा आठवतो, जेवण आठवतं, भांडण आठवतं. वार-तारीख नाही आठवत. ती दुसऱ्याने पुरवली की आपण ती आपलीच समजतो. तुम्हीच सांगा, गेल्या महिन्यात बसमध्ये शेजारी कोण होतं ते आठवेल, तारीख? साक्षीदार खोटं बोलतच नाहीत, म्हणून तब्बूने केलेल्या पोलीस अधिकारी मीरा देशमुखला भिंत लागते. आणि तोवर सुरुवातीच्या त्या ‘कंटाळवाण्या’ भागाने आपल्यालाही साक्षीदार करून टाकलेलं असतं. विचारलं तर आपणही सांगू, साधा माणूस आहे हो, पैसा खर्चताना दहा वेळा विचार करतो. सुरुवात पळवलीत तर राहतं फक्त कोडं.

दुसरा भाग, 2022चा, मला म्हणूनच कमी आवडतो. तिथं सिनेमाला आधीपासून ठाऊक आहे की आपण हुशार आहोत.

आता तक्रारी. बसची तिकिटं पुरावा म्हणून? आमच्या मार्गावरच्या खासगी बसमध्ये कंडक्टर शिटी मारतो, ‘फुडें वच, फुडें वच’ करतो, पैसे घेतो. तिकीट मी लहानपणापासून क्वचित पाहिलंय. विजय आमच्या बसने गेला असता तर पहिल्या चौकशीतच आत.

भाषेचंही आहे. घरात साळगांवकर कोंकणी-मराठी जवळपास बोलतच नाहीत. हिंदी सिनेमा आहे, मान्य, पण रागात तरी? लॉकडाऊनमध्ये, 2021 साली, मुंबईत शूटिंग बंद झालं तेव्हा मराठी मालिका काही आठवडे गोव्यात उतरल्या होत्या. मी पाहिल्या त्यांत गोवा म्हणजे हॉटेलची हिरवळ आणि निळा पूल. रस्त्यापलीकडे मराठी नाटकाच्या तालमी चालणारं गाव असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि ती पावभाजी. सिनेमातलं कुटुंब पणजीत जी खातं ती मुंबईची, लालभडक, वर लोणी. इथं सकाळी हॉटेलात बसून ‘भाजी-पाव’ म्हटलं की पोऱ्या विचारतो, पातळ का सुकी का मिक्स? चण्याची, नाहीतर बटाट्याची, बशीत रस्सा आणि बाजूला पाव किंवा उंडो, म्हणजे आमचा गोल कडक पाव. टीव्हीवर हा सिनेमा लागला की आई पोलिसांच्या माराला डोळे झाकते, बाकी सगळं मान्य करते. फक्त पावभाजी आली की दर वेळी मान हलवते.

‘ही पणजेंत खंय मेळ्ळी तांकां?’